आधी लेन्स, मग कॅमेरा

सिंधुदुर्गात जत्रा सुरू झाल्या की माझ्या रात्री देवळांच्या आवारात जातात. मी दशावताराचे फोटो काढतो. एक पडदा, एक बाकडं आणि वर दोन-चार ट्यूबलाइट, एवढ्यावर रात्रभर नाटक चालतं. पूर्वी मी फ्लॅश वापरायचो. एका पहाटे स्त्री-भूमिका करणारे नट चेहऱ्याचा रंग पुसता पुसता म्हणाले, "फ्लॅश मारू नको रे, डोळ्यांफुडे काळोख येता." त्या दिवसापासून फ्लॅश घरीच राहिला.

मग फोटो हलायला लागले. कॅमेऱ्यासोबत मिळालेली १८-५५ची लेन्स ५५वर नेली की एफ/५.६च्या पलीकडे उघडत नाही. आयएसओ १६०० ठेवला तरी शटर १/२५ सेकंदावर यायचं आणि राजाचा तलवारीचा हात म्हणजे नुसता फराटा. आयएसओ ६४०० केला, तर संकासुराच्या काळ्या कपड्यावर रंगीत रवा सांडल्यासारखा दिसे.

हा रवा येतो कुठून? उजेड थेंबाथेंबाने येतो. अंगणात भांडी मांडा. भुरभुर पावसात एका भांड्यात तीन थेंब पडतील, शेजारच्यात सात. मुसळधार पावसात सगळी सारखी भरतील. सेन्सरवरचे पिक्सेल ही अशीच भांडी. आयएसओ वाढवल्याने पाऊस वाढत नाही, जमलेलं मोठं करून दाखवलं जातं, आणि त्याबरोबर कमी-जास्तपणाही डोळ्यांत भरतो. उजेड चौपट मिळाला, तर हा दोष निम्म्यावर येतो.

"फुल फ्रेम घे," असं जो तो सांगत होता. मी कर्जाचा अर्ज आणला आणि भरण्याआधी हिशेब मांडला. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, माझा साधारण २३.५ बाय १५.६चा. म्हणजे उजेड झेलायला सव्वादोन पटींहून थोडी जास्त जागा. उलट ५० मिलिमीटरची एफ/१.८ लेन्स माझ्याच कॅमेऱ्यावर एफ/५.६च्या जवळजवळ दहापट उजेड आत सोडते. तिची किंमतही नव्या कॅमेऱ्याच्या मानाने फारच कमी. अर्ज कपाटात गेला, लेन्स घरी आली.

पुढच्या जत्रेत आयएसओ तोच १६००, शटर मात्र १/२५०! तलवारीची मूठ आवळलेली बोटं मोजता येत होती.

या लेन्सलाही शिस्त लागते. एफ/१.८वर नटाचे डोळे स्पष्ट आले, तर कान धूसर होतो. दोन पात्रं मागे-पुढे असली की मी एफ/२.८वर येतो. फोटो रॉमध्ये काढतो, म्हणजे रवा नंतर सॉफ्टवेअरने सावकाश निवळता येतो. आणि दुकानात स्टॅबिलायझेशनचं कौतुक ऐकाल तेव्हा लक्षात ठेवा, त्याने आपला हात सावरतो, नाचणारा नट थांबत नाही.

नवा कॅमेरा मी चार वर्षांनी घेतला. अंधारात डोळे शोधून फोकस धरणारा मिररलेस मला तेव्हा खरंच हवा होता. लेन्सची मर्यादा तोवर वापरून कळली होती.

त्या नटांना मी पहिला स्वच्छ फोटो छापून दिला. चिमणीएवढ्या उजेडात त्यांनी तो डोळ्यांजवळ धरला, नथीवरून बोट फिरवलं आणि पेटाऱ्यात, साडीच्या घडीत ठेवला.