ऑपरेटर पुष्कळ, सेटर कुठे आहे?
पहिली पाच वर्षं : लेखांक ७

भोसरी किंवा चाकणच्या एमआयडीसीत कारखान्यांच्या फाटकांवर ‘सीएनसी ऑपरेटर पाहिजेत’ अशा पाट्या दिसतात. कित्येक ठिकाणी त्या उतरतच नाहीत, कारण ऑपरेटर येतात तसे जातात. सेटरसाठी सहसा पाटी लागत नाही. ‘तुझ्या बघण्यात कोणी चांगला सेटर आहे का रे?’ असा फोन एक सुपरवायझर दुसऱ्याला करतो आणि पलीकडून एखादं नाव येतं. पहिली नोकरी कशी शोधायची ते मागच्या आठवड्यात पाहिलं. लागलेल्या नोकरीत दोन-तीन वर्षांत आपलं नाव त्या फोनवर कसं यावं, हा आजचा विषय. उदाहरण टर्निंग मशीनचं घेतोय, कारण आयटीआय आणि डिप्लोमा झालेली बरीच मुलंमुली तिथूनच सुरुवात करतात.

जॉब चकमध्ये धरायचा, दार लावायचं, सायकल स्टार्ट दाबायचं, झालेला जॉब काढून मोजायचा, हे ऑपरेटरचं काम. थोड्या दिवसांत हात बसतो. सेटर नवा जॉब मशीनवर लावतो. सॉफ्ट जॉ बोअर करतो, टूल बांधतो, ऑफसेट घेतो, प्रोग्रॅम एकेक ओळ चालवून बघतो आणि पहिला पीस क्वालिटीकडून पास करून घेतो. ऑफसेट टाकताना चिन्ह चुकलं तर टूल चकवर आपटतं. छोट्या वर्कशॉपमध्ये जॉब वरचेवर बदलतो आणि सेटिंग होईपर्यंत मशीन उभं असतं. मशीन उभं असलं तरी बँकेचा हप्ता चालूच असतो. सेटरची किंमत मालकाला तेव्हा कळते.

मग सेटिंग शिकवतं कोण? सांगून फारसं कोणी शिकवत नाही. सुरुवात आपल्याच मशीनवरून करावी लागते आणि तिथे शिकण्यासारखं बरंच पडलेलं असतं. समजा, शाफ्टच्या ड्रॉइंगवर २५ व्यासापुढे लहान ‘एच’ आणि ६ लिहिलंय. म्हणजे माप २५.००० ते २४.९८७ मिलिमीटरच्या आत हवं. सगळी मोकळीक १३ मायक्रॉनची, आणि हातातल्या साध्या मायक्रोमीटरचा एक भाग १० मायक्रॉनचा! त्याने हे माप तपासणं म्हणजे अंदाजपंचे. एक मायक्रॉन दाखवणारा मायक्रोमीटर किंवा स्नॅप गेज मागून घेणाऱ्या मुलाकडे सुपरवायझरचं लक्ष जातं.

पुढची गोष्ट रिपोर्टची. तपासणीच्या तक्त्यात बहुतेक जण ‘ओके’ लिहून मोकळे होतात. एखादी मुलगी मात्र आकडे लिहिते: २४.९९०, मग काही जॉबनंतर २४.९९३, मग २४.९९६. तिन्ही पीस पासच आहेत. पण माप चढतंय. इन्सर्ट झिजला की बाहेरचा व्यास वाढत जातो. आतल्या बोअरमध्ये उलटं, भोक लहान होत जातं. ते ओळखून ती वेअर ऑफसेटमध्ये एक्सला उणे ०.००५ टाकते आणि रिजेक्शन व्हायच्या आधीच माप खाली आणते. ‘ओके’ लिहिणाऱ्याला ही चाल दिसतच नाही. त्याला कळतं ते जॉब बाद झाल्यावर.

इन्सर्टच्या डबीवर सीएनएमजी १२०४०८ असं काहीतरी छापलेलं असतं. डबी रोज हातात येते, पण वाचतं कोण? शेवटचे ०८ म्हणजे टोकाची गोलाई ०.८ मिलिमीटर. स्टोअरने घाईत शेवटी ०४ असलेली डबी दिली तर इन्सर्ट होल्डरमध्ये बसेल, जॉबही निघेल, पण त्याच फीडवर फिनिश चांगलीच खडबडीत येईल. अशा वेळी सगळे मशीनला दोष देत असताना डबीकडे बोट दाखवणारा मुलगा पुढच्या सेटिंगला सेटरच्या शेजारी उभा राहिलेला दिसतो. सेटरलाही असा मदतनीस हवाच असतो.

आता कुठे शिकायचं? माझं मत थोडं वेगळं आहे. मोठ्या कंपनीत मापाची आणि कागदपत्रांची शिस्त अंगवळणी पडते, पण लाइनवर महिनोन्‌महिने एकच जॉब. म्हणून १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखालची उमेदवारी मोठ्या ठिकाणी करावी, परीक्षा देऊन प्रमाणपत्र हातात घ्यावं आणि मग पाच-दहा मशीनच्या जॉब शॉपमध्ये जावं. पगार कदाचित कमी मिळेल, सेटिंग भरपूर मिळेल. घरचे नाराज होतात हे खरं. मोठ्या कंपनीचा गणवेश लग्नाच्या बाजारातही चालतो.

ओव्हरटाइमचं काय? कायद्याने दर दुप्पट आहे आणि बाइकचा हप्ता डोक्यावर असला की मोह सुटत नाही. पण रोज बारा तास तेच हिरवं बटण दाबलं तर वर्षाअखेरीला अनुभव तेवढाच राहतो. जास्तीचा वेळ द्यायचाच असेल तर ज्या दिवशी नवा जॉब लागणार आहे त्या दिवशी थांबा.

एक धोकाही आहे. कामाचा माणूस झालात की मालक सोडत नाही, आणि पगारही वाढवत नाही. सेटिंग तुम्ही करताय, हजेरी मात्र ठेकेदाराच्या रजिस्टरवर ‘हेल्पर’ म्हणून लागतेय, असे पुष्कळ जण आहेत. म्हणून एक वही ठेवा: तारीख, जॉब, मशीन, कंट्रोल कोणता, सेटिंगला किती वेळ लागला, अडचण काय आली. कंपनीचं ड्रॉइंग किंवा प्रोग्रॅम त्यात उतरवू नका, ती त्यांची मालमत्ता. पगाराचं बोलायला जाताना ही वही बरोबर न्या आणि पैशांबरोबर हुद्दाही कागदावर मागा. दोन-तीनदा बोलूनही टोलवाटोलवी झाली, तर रीतसर नोटीस देऊन, रिलीव्हिंग लेटर आणि पीएफची नोंद तपासून बाहेर पडा. भांडून निघू नका. नवीन ठिकाणचा सुपरवायझर पहिला फोन जुन्या सुपरवायझरलाच करतो.