जुने भिंग घ्यावे की नवे?

शाळेच्या विज्ञान मंडळाला छायाचित्रणासाठी एक वापरलेले भिंग घ्यायचे आहे, असे समजू. विक्रेता एकाच नावाची तीन भिंगे समोर ठेवतो. तिन्हींचे नाभीय अंतर 50 मिलिमीटर आणि तिन्हींचा एफ-क्रमांक 1.4. एक स्वच्छ दिसते. दुसऱ्यातून पाहिले की पांढरा कागद फिक्या चहासारखा पिवळट दिसतो. तिसरेही थोडे पिवळट आहे, पण त्याच्या काचेवर हिरव्या-जांभळ्या छटा चमकतात. कोणते घ्यावे? ‘जुने ते सोने’ ही म्हण येथे उपयोगी पडत नाही आणि ‘नवे ते चांगले’ हा नियमही पुरत नाही. भौतिकशास्त्राची मात्र चांगली मदत होते.

आमच्या डोळ्यांसमोर जपानच्या असाही ऑप्टिकल कंपनीचे ‘ताकुमार’ हे प्रसिद्ध भिंग आहे. 1964 मध्ये ते ‘सुपर ताकुमार’ या नावाने आले तेव्हा त्यात आठ घटक भिंगे होती. त्यांपैकी तीन एकमेकांना चिकटवलेली होती. थोड्याच काळात त्याच नावाने सात घटकांची नवी रचना आली. पुढे 1971 मध्ये सात-भिंगी रचनेच्या काचांवर अनेक थरांचे लेप चढवण्यात आले. विक्रेत्याच्या टेबलावरची तीन भिंगे ती हीच.

प्रथम लेपाचा विचार करू. प्रकाश हवेतून साध्या काचेत शिरताना सुमारे 4 टक्के परावर्तित होतो आणि काचेतून बाहेर पडतानाही तेवढाच. दोन्ही रचनांत घटकांचे सहा गट आहेत, म्हणजे हवा आणि काच यांना विभागणारे 12 पृष्ठभाग. प्रत्येक ठिकाणी 96 टक्के प्रकाश पुढे जातो असे धरून 0.96 चा बारावा घात काढा. उत्तर सुमारे 0.61 येते. लेप नसता तर शंभरातला 39 भाग प्रकाश वाटेतच परतला असता. शिवाय तो नुसता वाया जात नाही. त्यातला काही भिंगांमध्ये इकडून तिकडे परावर्तित होत फिल्मवर पोचतो आणि चित्रावर धुरकट पडदा धरतो. खिडकीसमोर बसलेल्या मुलाचा चेहरा अशा वेळी फिका उमटतो.

गंमत अशी की, या दोषावरचा उपाय प्रथम जुन्या भिंगांनीच सुचवला. 1890 च्या दशकात इंग्लंडमधील डेनिस टेलर यांच्या लक्षात आले, की हवेने डागाळलेली जुनी भिंगे नव्या चकचकीत भिंगांपेक्षा अधिक प्रकाश पुढे पाठवतात. काचेवर अगदी पातळ, कमी अपवर्तनांकाचा थर तयार झाला होता. 1935 मध्ये जर्मनीतील झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी असा थर निर्वात पात्रात मुद्दाम चढवण्याची पद्धत काढली. मॅग्नेशियम फ्ल्युओराइडचा सुमारे 100 नॅनोमीटर जाडीचा थर हिरव्या प्रकाशासाठी पाव तरंगलांबीएवढा भरतो. थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून परतणाऱ्या लहरींत अर्ध्या तरंगलांबीचा फरक पडतो. एकीचा उंचवटा दुसरीच्या खोलगट भागावर येतो, परावर्तन मंदावते आणि तेवढा प्रकाश पुढे जातो.

एका थराने परावर्तन सुमारे 1.3 टक्क्यांवर येते. मग 12 पृष्ठभागांतून 85 टक्के प्रकाश पार होतो. अनेक थरांनी ते अर्ध्या टक्क्यावर आणले, तर 94 टक्के. दिवा किंवा सूर्य चौकटीत येणार असेल, तर 1971 नंतरचे भिंग सरस ठरते ते यामुळे.

आता पिवळेपणा. सात-भिंगी रचनेत एका काचेत थोरियम ऑक्साइड मिसळलेले आहे. त्यामुळे काचेचा अपवर्तनांक वाढतो, पण रंगांचे अपस्करण त्या मानाने कमी राहते. भिंग बनवणाऱ्याला हेच हवे असते. गॅसबत्तीच्या जुन्या मॅंटलमध्येही थोरियम असे. मात्र थोरियम किरणोत्सारी आहे. त्याचे अर्धायुष्य सुमारे 1400 कोटी वर्षे. त्याच्या किरणांनी काचेतले काही इलेक्ट्रॉन जागचे सुटून काचेतल्या उणिवांत अडकतात. ही रंगकेंद्रे निळा प्रकाश शोषतात आणि काच पिवळी दिसते. आठ-भिंगी जुन्या रचनेत थोरियमची काच नाही, म्हणून ती पिवळी पडत नाही.

हा दोष दूर होतो. अतिनील प्रकाशाने अडकलेले इलेक्ट्रॉन सुटतात आणि काही दिवसांत किंवा आठवड्यांत काच पुष्कळशी निवळते. पण भिंग उन्हात ठेवताना सावध राहा. ते सूर्यकिरण एकवटून कागद पेटवू शकते. पुढचे तोंड झाकून, मागची बाजू उजेडाकडे करून आणि जवळ कोणी बसूनच हे करावे. खिडकीची काच बराचसा अतिनील प्रकाश अडवते, म्हणून तावदान उघडे हवे.

किरणोत्साराची भीती किती बाळगावी? कॅमेऱ्यावर लावून नेहमीसारखे वापरताना मिळणारी मात्रा फार अल्प असते. तरीही असे भिंग डोळ्याला लावून बहिर्गोल भिंगासारखे वापरू नये, दिवसभर खिशात बाळगू नये आणि काच कधीही घासू वा फोडू नये. लहान मुलांच्या हाती देऊ नये.

मग निवड कशी करावी? ज्याला भिंग शाळेत मुलांना हाताळू द्यायचे आहे, त्याने आठ-भिंगी घ्यावे. प्रकाशाच्या समोरून चित्रे घ्यायची असतील, तर अनेक थरांचे घ्यावे आणि पिवळेपणा घालवावा. मधले तेव्हाच घ्यावे, जेव्हा ते स्वस्त मिळते. मात्र तिघांपैकी कोणत्याही भिंगात कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले, तर ते परत करावे. ती बुरशी असते. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत ती लवकर वाढते, लेप खाते, आणि खाल्लेला लेप पुन्हा चढवणे घरी शक्य नसते.

वर्गात एक प्रयोग जरूर करावा. ट्यूबलाइटखाली चष्म्याची साधी काच आणि कॅमेऱ्याचे भिंग शेजारी धरा. दोन्हींत दिव्याची प्रतिबिंबे मोजा आणि त्यांचे रंग टिपा. साध्या काचेतले प्रतिबिंब पांढरे दिसेल. एका थराच्या भिंगातले जांभळट दिसेल, कारण थर हिरव्यासाठी जुळवलेला असतो आणि तांबडा व निळा थोडा परततो. विद्यार्थ्यांना आधी विचारा, हिरवा कोठे गेला?