टॅग बंद करायला विसरू नका

नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९चे. त्याच वर्षी टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधन संस्थेत वेबचा प्रस्ताव मांडला. हा निव्वळ योगायोग. मुक्त विद्यापीठातून घरबसल्या शिकणाऱ्याला वेबपाने लिहिण्याची एचटीएमएल ही भाषा सोयीची, कारण नोटपॅड आणि ब्राउझर एवढ्यावर भागते. ही प्रोग्रॅमिंगची भाषा नव्हे. मजकुरात शीर्षक कुठले, परिच्छेद कुठला, हे ती ‘टॅग’ नावाच्या खुणांनी ब्राउझरला सांगते. ‘एच१’ हा शीर्षकाचा टॅग बंद करायचा राहिला, तर ब्राउझर तक्रार करत नाही. खालचा मजकूरही मुकाट्याने ठळक करतो. शिक्षक शेजारी नसताना हा समजूतदारपणा महागात पडतो. मराठी पानावर ‘यूटीएफ-८’ या अक्षर-संकेतप्रणालीची नोंद नसेल, तर ‘नाशिक’च्या जागी अगम्य चिन्हे उमटू शकतात. चुका शोधायला डब्ल्यू३सी या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेचा व्हॅलिडेटर फुकट मिळतो. तो ओळ क्रमांकासह चूक दाखवतो.