दीडशे ग्रॅम खाद्याचा हिशेब

परसदारात ॲक्वापोनिक्स, म्हणजे माशांच्या टाकीतल्या पाण्यावर भाजी, उभारायचे तर सगळा आराखडा एका आकड्यावर बेततो: पालेभाजीच्या एका चौरस मीटर वाफ्यामागे माशांना रोज ४० ते ५० ग्रॅम खाद्य. टोमॅटो, मिरची, वांगी अशा फळभाज्यांसाठी हेच प्रमाण ५० ते ८० ग्रॅम. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१४ मध्ये लहान प्रमाणावरच्या ॲक्वापोनिक्ससाठी जो तांत्रिक ग्रंथ काढला, त्यात हे प्रमाण दिले आहे. टाकी केवढी, मासे किती आणि पंप कुठला, हे त्यानंतर ठरते. बहुतेक नवखे आधी टाकी विकत आणतात आणि मग तिच्यात मावतील तेवढे मासे सोडतात. बिघडते ते तिथेच.

मालवण तालुक्यातल्या एखाद्या घरामागचा तीन चौरस मीटरचा वाफा घेऊ. तांबडी भाजी, मुळा, पालक एवढेच लावायचे. रोजचे खाद्य आले १५० ग्रॅम. मासे दिवसाला आपल्या वजनाच्या एक ते दोन टक्के खातात. दीड टक्का धरला तर १५० ग्रॅम खायला १० किलो मासे लागतील. हजार लिटर पाण्यात १० ते २० किलो मासे पोसता येतात, पण नवख्याने खालचाच आकडा धरावा. म्हणजे टाकी हजार लिटरची आणि पंप तासाला हजार लिटर पाणी फिरवणारा. वाफ्यात ३० सेंटिमीटर जाडीचा खडीचा थर द्यायचा, तर ०.९ घनमीटर खडी हवी, म्हणजे एक तृतीयांश ब्रासहून किंचित कमी. तिचे वजन पाण्याशिवायच सुमारे १४०० किलो भरते, म्हणून वाफा जमिनीवर, चिऱ्यांच्या पायावर घ्यावा. गच्चीवर चढवू नये. खडी काळ्या दगडाची, धुतलेली हवी. जांभ्याचे तुकडे फुकट मिळतात, पण त्यांतली लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगे पाण्यातले फॉस्फेट धरून ठेवतात आणि तेवढे भाजीच्या वाट्याला येत नाही.

आता ते १५० ग्रॅम पाण्यात पडल्यावर काय होते ते पाहू. खाद्यात ३२ टक्के प्रथिने असतील तर ती ४८ ग्रॅम भरतात आणि त्यांत सुमारे ७.७ ग्रॅम नायट्रोजन असतो. मासा त्यातला थोडाच अंगी लावतो. अंदाजे पाच ग्रॅम अमोनियाच्या रूपाने, मुख्यतः कल्ल्यांतून, पाण्यात परततो. हजार लिटरच्या टाकीत एका दिवसात लिटरला पाच मिलिग्रॅम! सुरक्षित मर्यादा एक मिलिग्रॅमची आहे. ही तफावत भरून काढतात खडीवर वाढणारे जिवाणू. ते अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि नायट्रेट भाजीची मुळे शोषून घेतात. पण जिवाणूंचा हा थर बसायला कोकणातल्या उबदार पाण्यातही तीन ते पाच आठवडे लागतात. तेवढे दिवस मासे न सोडता रोज चिमूटभर खाद्य पाण्यात कुजू द्यायचे. मत्स्यालयाच्या दुकानात अमोनिया तपासायचे थेंबांचे किट मिळते. परीक्षानळीतले पाणी पिवळे राहिले तर ठीक, हिरवट झाले तर अमोनिया आहे. अमोनिया आणि नायट्राइट आधी वर चढून मग दोन्ही शून्याजवळ आले की मासे आणावेत.

इथपर्यंतचे गणित जगात कुठेही हेच. मालवणात त्याला आणखी चार आकडे जोडावे लागतात.

पहिला आकडा आम्लाचा. जिवाणू एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पचवताना पाण्यातली ७.१४ ग्रॅम क्षारता खर्च करतात. पाच ग्रॅमांमागे रोज ३६ ग्रॅम, महिन्याला किलोभर. झाडे नायट्रेट शोषताना त्यातली काही परत करतात, म्हणून हा वरचा अंदाज समजावा. चुनखडीच्या प्रदेशात हा खर्च विहीरच भरून काढते. जांभ्यातल्या विहिरीचे पाणी मात्र मुळात मऊ आणि आम्लाकडे झुकणारे. दीड-दोन महिन्यांत सामू सहाच्या खाली उतरतो, जिवाणू मंदावतात आणि अमोनिया पुन्हा चढू लागतो. अशा वेळी घाबरून पाण्यात चुना टाकणे सगळ्यांत घातक. ३० अंश तापमानाला सामू ७ असताना एकूण अमोनियातला जेमतेम ०.८ टक्के विषारी रूपात असतो. सामू ८ झाला की तोच वाटा ७.५ टक्क्यांवर जातो. चुन्याने सामू एका फटक्यात चढतो आणि संध्याकाळपर्यंत मासे पाण्यावर तरंगू लागतात. यावरचा इलाज इथल्या प्रत्येक घरामागे पडलेला असतो: तिसऱ्यांची आणि कालवांची कवचे. ती स्वच्छ धुवून, उन्हात वाळवून, ठेचून दोन किलो जाळीच्या पिशवीत भरावीत आणि पाणी जिथे टाकीत पडते तिथे टांगावीत. पाणी आम्ल होईल तशी ती विरघळतात आणि सामू सातच्या आसपास आला की विरघळणे मंदावते. या यंत्रणेतला सर्वांत भरवशाचा भाग मला हीच पिशवी वाटते.

दुसरा आकडा पावसाचा. सिंधुदुर्गात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. एक चौरस मीटरवर ३००० मिलिमीटर म्हणजे ३००० लिटर. तीन चौरस मीटरचा वाफा उघडा ठेवला तर त्यातून ९००० लिटर पाणी टाकीत उतरेल, म्हणजे टाकी नऊ वेळा धुतली जाईल आणि पोसून तयार केलेले नायट्रेट व्हाळाला जाईल. त्यामुळे वाफ्यावर आणि टाकीवर पारदर्शक पत्रा हवाच. ओसंडणाऱ्या नळीला बारीक जाळीही हवी, कारण टाकीतला मासा व्हाळात जाता कामा नये.

तिसरा मिठाचा. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते. विहिरीत त्याचे तीनच टक्के शिरले तरी लिटरला एक ग्रॅम मीठ होते. मुळ्याला आणि सॅलडच्या पानांना ते जाचू लागते. पालक थोडे अधिक सोसतो. एप्रिल-मेमध्ये टाकीतले एक ते तीन टक्के पाणी रोज उडते, पण मीठ मागे राहते. असे खारट पाणी रोज २० लिटर वर घातले तर पन्नास दिवसांत लिटरमागे आणखी एक ग्रॅम मिठाची भर पडते. किनाऱ्यालगतच्या वाडीत राहणाऱ्यांनी त्या दोन महिन्यांसाठी पागोळ्यांचे पाणी साठवावे.

चौथा विजेचा, आणि हा सर्वांत निर्दय. ३० अंशांच्या पाण्यात प्राणवायू भरून भरून राहतो तो लिटरला साडेसात मिलिग्रॅम. पंप थांबला तेव्हा सहा मिलिग्रॅम असेल, तर दोनवर येईपर्यंत हजार लिटरमध्ये वापरायला फक्त चार ग्रॅम शिल्लक. १० किलो मासे तासाला साधारण तीन ग्रॅम वापरतात. हातात सव्वा तास उरतो, तोही जिवाणूंचा वाटा न धरता. १६ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ या किनाऱ्याजवळून गेले तेव्हा अनेक गावे दिवसेंदिवस अंधारात होती. म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप पहिल्या दिवसापासून जोडलेला असावा.

याच चार आकड्यांतून वेळापत्रक निघते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते आणि ताजा मासा महागतो. ऑक्टोबरात जिवाणू बसवून नोव्हेंबरात ३० बोटुकली सोडली, तर मेअखेर प्रत्येक माशाचे ३५० ते ४०० ग्रॅम वजन धरता येते. ही १० ते १२ किलो मासळी बंदीच्या आधी आणि बंदीच्या काळात काढावी, म्हणजे वीज जाण्याच्या दिवसांत टाकीवरचा भारही उतरतो. चार-पाच मासे ठेवून जिवाणू जगवावेत. सुरुवातीला मासे लहान आणि खाद्य थोडे, तेव्हा एकच चौरस मीटर लावावा. तीनही चौरस मीटर फेब्रुवारीनंतर.

जातीबद्दल थोडक्यात. आफ्रिकन मांगूर पाळण्यावर देशात बंदी आहे. तिलापिया पाळायला मत्स्यव्यवसाय विभागाची परवानगी लागते. कटला आणि रोहू तळ्यातले मासे, हजार लिटरमध्ये त्यांची वाढ खुंटते. नवख्याने सायप्रिनस घ्यावा, खायचे नसतील तर कोई.

आता पैशांकडे. १२ किलो मासळीला साधारण १८ किलो खाद्य; किलोला ६० रुपये धरले तर १०८० रुपये. पंप आणि हवेचा पंप मिळून ५० वॅट चोवीस तास चालले, तर वर्षाला ४३८ युनिट. युनिटला ८ रुपये धरले तर ३५०४ रुपये. विजेचा खर्च खाद्याच्या तिपटीहून जास्त आहे. याच किनाऱ्यावर संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या सागरी जैवविविधता प्रकल्पात महिला बचत गटांनी खाडीत खेकडे आणि शिंपल्यांचे पालन केले. तिथे पाणी बदलण्याचे काम भरती-ओहोटी फुकट करते. परसदारात ते विकत घ्यावे लागते. म्हणून पंप घेताना किमतीआधी वॅट पाहावेत. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसदारातल्या छोट्या पुनर्चक्रण युनिटला सर्वसाधारण गटासाठी ४० टक्के आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींसाठी ६० टक्के अनुदान आहे. पण अनुदान उभारणीला मिळते, वीजबिलाला नाही.

घरच्या ताटात आठवड्याला ताजी भाजी आणि पावसाळ्याच्या तोंडावर दहा-बारा किलो मासे यावेत, एवढ्यासाठी हे जरूर करावे. विक्रीचा हिशेब या आकारात बसत नाही. आणि टाकी घेण्याआधी एक काम करा: मे महिन्यात, विहीर सर्वांत खाली गेलेली असताना, तिचे बाटलीभर पाणी भरून घ्या आणि क्षार, सामू व क्षारता तपासून आणा. कुठे तपासायचे ते किर्लोसच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा.