शब्द तीन भाषांचे, व्याकरण एकच

सांगलीजवळचं कुपवाड आपल्याला औद्योगिक वसाहतीमुळे माहीत असतं. जगभरच्या भाषाभ्यासकांना ते वेगळ्याच कारणाने ठाऊक आहे. १९७१ साली जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी, तेव्हा सुमारे ३,००० वस्तीच्या या गावातल्या बोलण्यावर निबंध प्रसिद्ध केला. भाषा आणि समाज यांचं नातं शिकवताना तो आजही हमखास निघतो.

जैन-लिंगायतांच्या घरात कन्नड, मुस्लिमांच्या घरात उर्दू, दलित वस्तीत मराठी. शेजार कित्येक शतकांचा. गावातल्या बहुतेक पुरुषांना घरच्या भाषेखेरीज आणखी एखाददुसरी भाषा येई आणि समोरचा माणूस बदलला की बोलणंही सहज बदले.

या रोजच्या ये-जा करण्यातून जे घडलं ते थक्क करणारं आहे. 'पाला जरा कापून घेऊन आलो' हे तिथल्या उर्दूत 'पाला जरा काट के ले के आया' असं होतं. कन्नड तर द्राविडी कुळातली, पण तिथेही क्रम तोच, क्रियापदांची साखळी तीच, 'जरा'सुद्धा तोच. शब्दाच्या जागी शब्द ठेवत जा, भाषा बदलते; वाक्य मात्र जागचं हलत नाही.

बदल याहून खोल गेले. एरवी उर्दूत नदी स्त्रीलिंगी. पूर आला की 'नदी आई'. कुपवाडची उर्दू म्हणते, 'नदी आया'. कारण कन्नडमध्ये लिंग अर्थावरून ठरतं: पुरुष, स्त्री आणि उरलेलं सगळं नपुंसक. शेजारणीचा हा नियम उर्दूने आपलासा केला; फक्त नपुंसकाच्या जागी पुल्लिंगी रूप वापरलं. उलट, 'हे तुमचं घर' एवढ्यावर प्रमाण कन्नडचं वाक्य पुरं होतं; कुपवाडच्या कन्नडला मात्र मराठी-उर्दूसारखं 'आहे' लागतं.

मग तिन्ही भाषा मिळून एकच का झाली नाही? कारण घरच्या शब्दांत जातीची, धर्माची ओळख होती आणि समाजातल्या भिंती पक्क्या होत्या. दोन गटांना बोलायचं असेल तेव्हा बहुधा मराठी पुढे येई. जमीनदार कन्नड बोलणारे आणि मुस्लिम यांच्यापैकी कुणाचीच ती घरची भाषा नसल्याने कुणाला कमीपणा येत नसे. शब्द माणसं जपत राहिली, कारण ते कानाला लगेच कळतात. व्याकरणाकडे कुणाचं लक्ष नव्हतं, म्हणून ते बिनबोभाट एक होत गेलं.

म्हणूनच 'नदी आया' ऐकून कुणी 'अशुद्ध' म्हणून नाक मुरडलं, तर तो त्या बोलण्यावर अन्याय आहे. त्या दोन शब्दांमागे पक्का नियम आहे आणि तो नियम शेजाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांशी बोलून घडवला आहे.