विसर्जनाची रात्र आणि खिशातला कॅमेरा

अनंत चतुर्दशीचा सूर्य कलू लागतो आणि भायखळ्याचे रस्ते माणसांच्या महापुराने भरून जातात. १९३४ साली स्थापन झालेल्या लालबागच्या राजाची मिरवणूक भायखळा स्थानकावरून क्लेअर रोडने नागपाड्याकडे आणि तेथून दोन टाकी, ऑपेरा हाउस असा टप्पा गाठीत गिरगाव चौपाटीकडे जाते. वाटेत हिंदुस्तानी मशिदीपाशी मुस्लिम रहिवासी राजाचे स्वागत करतात. अग्निशमन दलाच्या केंद्रासमोर बंबांचे भोंगे वाजवून व दिवे फिरते ठेवून त्याला मानवंदना दिली जाते. हा देखावा आपल्यापाशी कायम राहावा, असे कोणाला वाटणार नाही? हजारो हात खिशाकडे जातात, हजारो खटके दाबले जातात. आणि दुसऱ्या दिवशी पाहावे तो काय? काळ्याकुट्ट अंधारात चार पांढरेफटक चेहरे, नाहीतर नुसती एक तांबूस रेघ!

भारी किमतीचा कॅमेरा नाही म्हणून असे झाले, अशी आपण मनाची समजूत घालतो. वस्तुतः साध्या, छोट्या कॅमेऱ्यातूनही रात्रीचे उत्तम चित्र निघू शकते. मात्र त्याची कुवत ओळखून त्याच्याकडून काम करून घेतले पाहिजे.

वाटी आणि घंगाळ

मोबाइल फोन आल्यापासून खिशात मावणारे साधे डिजिटल कॅमेरे बहुतेक घरांत कपाटाच्या कोपऱ्यात पडून आहेत. अलीकडे तरुण मंडळी ते पुन्हा हौसेने बाहेर काढू लागली आहेत. अशा कॅमेऱ्यातील प्रकाश टिपणारा संवेदक बहुधा ६ मिलिमीटर रुंद व साडेचार मिलिमीटर उंच, म्हणजे करंगळीच्या नखाहूनही लहान असतो. व्यावसायिकांच्या मोठ्या कॅमेऱ्यातील संवेदक ३६ मिलिमीटर रुंद व २४ मिलिमीटर उंच, म्हणजे क्षेत्रफळाने सुमारे तीसपट मोठा. पागोळीखाली वाटी ठेवली काय आणि घंगाळ ठेवले काय, पाऊस तोच. पण वाटीत पाणी थोडे साठते. उपाय एकच: वाटी अधिक वेळ धरायची आणि धार जेथे जाड आहे तेथे धरायची.

जाड धार मिळते ती भिंगाच्या सर्वांत रुंद दृष्टीत. दूरची मूर्ती जवळ दिसावी म्हणून आपण झूम ओढतो, तेव्हा भिंगाचे छिद्र एफ ३ च्या आसपास असते ते एफ ६ पर्यंत लहान होते आणि आत येणारा प्रकाश एकचतुर्थांश उरतो. शिवाय हाताचा कंपही तितकाच मोठा होऊन दिसतो. म्हणून झूमला रजा द्यावी, आणि गर्दी वाट देईल तेवढे आपणच पुढे जावे.

आयएसओ, म्हणजे संवेदकाची तीव्रता, वाढवूनही चित्र उजळते. पण छोट्या कॅमेऱ्यात ४०० च्या पुढे चित्रावर वाळू शिंपल्यासारखे कण दिसू लागतात आणि १६०० ला रंग विटतात. तेव्हा ४०० वर समाधान मानावे. अगदीच अडले तर ८००. अनेक चित्रे एकावर एक जुळवून रात्र उजळ करण्याची जी युक्ती आजचा फोन आपोआप करतो, ती या कॅमेऱ्यापाशी सहसा नसते. त्याचे सारे काम एकाच खटक्यात व्हायचे.

फ्लॅश देव देतो, गाव नेतो

रात्रीच्या चित्राचा खरा वैरी म्हणजे कॅमेऱ्याचा स्वतःचा फ्लॅश. त्याची मजल जेमतेम तीन-चार मीटर. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात क्षीण होत जातो. चार मीटरपर्यंत पुरणारा झोत वीस मीटरवरील मूर्तीपाशी पोचेतो त्याचा पंचविसावा हिस्सा उरतो. मात्र समोरच्या माणसाची टोपी लखलखीत उजळते, आणि तिला प्रकाश पुरला असे मानून कॅमेरा बाकीचे सारे अंधारात बुडवतो. हवेत गुलाल असेल तर भिंगाजवळचे कण चमकून चित्रभर पांढरी वर्तुळे उमटतात, ती वेगळीच.

समजा, मूर्ती जवळच असून ती फ्लॅशने उजळली. तरी मागचा रस्ता, चाळीचे सज्जे, सज्ज्यांतून ओणवलेल्या आयाबाया, दुकानांच्या पाट्या हे सगळे काळ्या शाईत गडप होते. ते चित्र भायखळ्याचे की भांडुपचे, हे सांगता येत नाही. देव तर प्रत्येक गल्लीत असतो. आपल्या गल्लीतून तो कसा गेला, हेच तर आपल्याला जपायचे असते. यासाठी घरातून निघतानाच फ्लॅश बंद करावा. रोषणाईच्या माळा, दुकानांतले दिवे, पथदीप, मिरवणुकीबरोबरचे दिवे एवढा प्रकाश कॅमेऱ्याला पुरेसा आहे, फक्त तो टिपायला त्याला सवड हवी.

मूठभर तांदळांची पुरचुंडी

ही सवड म्हणजे सेकंदाचा आठवा किंवा पंधरावा भाग. ऐकायला तो क्षणार्ध वाटतो, पण तेवढ्यात हात हलतोच. कोपर बरगड्यांना टेकवावे, कॅमेरा दोन्ही हातांनी धरावा, श्वास हलकेच सोडून खटका दाबावा. भिंत, दिव्याचा खांब, बंद दुकानाचा कट्टा असा आधार मिळाला तर सोन्याहून पिवळे. गर्दीत तिपाई नेणे गैरसोयीचे आणि इतरांना त्रासाचे. त्यापेक्षा मूठभर तांदूळ भरलेली कापडी पुरचुंडी खिशात ठेवावी. कट्ट्यावर ती ठेवून तिच्यात कॅमेरा रुतवला की तो हव्या त्या कोनात बसतो. मग दोन सेकंदांचा टायमर लावावा, म्हणजे खटका दाबण्याचा धक्काही लागत नाही. आधार नसेल तर लागोपाठ तीन चित्रे घ्यावीत. बोटाचा धक्का बहुधा पहिल्याला बसतो, मधले स्थिर येते.

आणखी एक सूचना. सभोवार अंधार पाहून कॅमेरा चित्र अवाजवी उजळ करू पाहतो. त्यामुळे दिव्यांत न्हालेली मूर्ती पांढुरकी होऊन मुकुटावरील काम नाहीसे होते. अधिक-उणे चिन्हाची कळ एक घर उणे केली की मुखावरचे रंग परत येतात. खटका अर्धा दाबून मूर्तीच्या उजळ कडेवर नेम धरावा आणि मग पुरता दाबावा, म्हणजे भिंग अंधारात चाचपडत राहत नाही.

मानवंदनेचा क्षण

चालत्या मूर्तीचे चित्र या कॅमेऱ्याला पेलत नाही. थांबलेल्या मूर्तीचे पेलते. मिरवणूक स्वागतासाठी, आरतीसाठी आणि मानवंदनेसाठी थांबते, तीच आपली संधी. बंबांचे भोंगे वाजू लागतात, मूर्ती निश्चल असते आणि भोवतालचे हजारो हात वर उठतात. आठव्या भागाच्या वेगात मूर्ती रेखीव येते, हात किंचित विरघळतात आणि बंबांच्या दिव्यांचा रंग भिंतींवर सांडलेला दिसतो. हा विरघळलेपणा दोष मानू नये. गजराचा आवाज चित्रात उतरायला तोच मार्ग आहे.

सराव मात्र आधी करावा. २०१४ साली जीर्णोद्धार झालेला ‘खडा पारशी’, म्हणजे शेट कर्सेटजी माणेकजी यांचा पुतळा, रात्री हात बसवायला उत्तम. तो हलत नाही नि कंटाळतही नाही. युनेस्कोच्या २०२२ च्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत गौरवलेल्या भायखळा स्थानकाच्या इमारतीचाही तसाच उपयोग होईल.

काही पथ्ये मात्र पाळलीच पाहिजेत. रेल्वेवरील पुलांवर रेंगाळू नये, अशी सूचना महापालिका उत्सवात देत आली आहे. चांगला कोन मिळतो म्हणून तेथे थबकणे जिवाशी खेळ आहे. दर्शन घेणाऱ्याच्या डोळ्यांआड कॅमेरा आणू नये, एक-दोन चित्रे घेऊन मागच्याला जागा द्यावी. बाहेर येणाऱ्या भिंगाच्या सांध्यात गुलाल गेला तर ते अडकून बसते. चित्रे घेण्याखेरीज एरवी कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत असावा.

जुनी परंपरा

थोड्या साधनात चित्र साधण्याची ही परंपरा मुंबईला नवी नाही. १८५४ साली येथे छायाचित्रणाची संस्था निघाली, तिच्या आरंभीच्या भारतीय सभासदांत डॉ. नारायण दाजी होते; त्यांचे बंधू डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव भायखळ्याच्या राणीच्या बागेतील वस्तुसंग्रहालयाला १९७५ पासून आहे. त्या काळी ओल्या काचेवर चित्र उमटायला भर दिवसाही कित्येक सेकंद लागत. पुढे घरोघरी आग्फाचा ‘क्लिक थ्री’ आला. एका रिळात बारा चित्रे, आणि वेग नि छिद्र यांत निवडीला फारशी जागा नसे. बाराच चित्रे हाती म्हणून माणूस खटका दाबण्यापूर्वी विचार करी. १९३० च्या सुमारास पॅरिसची रात्र टिपणारा ब्रासाय हा छायाचित्रकार तर सिगारेट जळायला लागणाऱ्या अवधीवरून वेळ मोजत असे. रात्रीचे चित्र थांबण्याची तयारी असणाऱ्यालाच मिळते.

आणि ते आजच घेण्याला कारण आहे. १९८२ च्या संपानंतर गिरणगावातील गिरण्या एकेक करून थंडावल्या, कित्येक चाळींच्या जागी मनोरे उठले. मूर्ती दर वर्षी विसर्जित होते, पण ‘पुढच्या वर्षी लवकर या’ म्हटले की ती परत येते. ज्या सज्ज्यातून आजी हात जोडून उभी होती, तो सज्जा मात्र एकदा गेला की परत येत नाही. म्हणून चित्रे यंत्रात कोंडून ठेवू नयेत. त्यांतले एक चांगले निवडून कागदावर छापून घ्यावे आणि पाठीमागे पेन्सिलीने साल, रस्त्याचे नाव आणि चित्रातल्या माणसांची नावे लिहून ठेवावीत.