जंबोचा पंख

बोइंग ७४७ची सुरुवातीची काही विमानं बाहेरच्या दोन इंजिनांच्या आवरणात युरेनियम घेऊन उडत होती. अणुइंधन तयार करताना मागे उरणारं, कमी किरणोत्सर्गी युरेनियम. ते हवं होतं फक्त वजनासाठी. शिशापेक्षा ते दीडपटीहून जड, त्यामुळे थोड्या जागेत भरपूर भार मावतो.

विमानाचा पंख ताठ नसतो. पंखामागच्या खिडकीशी बसलेल्या प्रवाशाला तो वरखाली होताना दिसतो, आणि वाकता वाकता थोडा पिळलाही जातो. एरवी यात धोका नसतो. पण वाकण्याची लय आणि पिळण्याची लय एकमेकींना मिळाल्या, की वाहती हवाच त्या हालचालीला बळ देऊ लागते. गच्चीवर वाळत घातलेली चादर वाऱ्यात फडफडते, तसंच. चादरीचं काही बिघडत नाही. पंख तुटू शकतो. १९६९च्या चाचण्यांत ७४७च्या पंखांना ही फडफड जाणवली. अभियंत्यांनी पंखाचे काही भाग मुद्दाम कमी ताठ केले. तरी जास्त वेगातली फडफड जाईना, तेव्हा इंजिनांच्या आवरणात वजन बसवून पंखाची लयच बदलली.

चाळीस वर्षांनी याच विमानाच्या शेवटच्या आवृत्तीत फडफड पुन्हा उभी राहिली. त्या वेळी वजन वाढवलं नाही, संगणकाला कामाला लावलं. जुन्या रचनेत नवं तंत्रज्ञान घालणं म्हणजे काय, हे मला या दोन उपायांमध्ये सगळ्यात स्पष्ट दिसतं. म्हणून हा लेख पंखाभोवतीच फिरणार आहे.

मूळ रचना जो सटर यांच्या हाताखालच्या चमूची. १९६६मध्ये पॅन अॅम या विमानकंपनीने २५ विमानं मागवली आणि ९ फेब्रुवारी १९६९ला एव्हरेटहून पहिलं ७४७ उडालं. संगणकावर आराखडे काढण्याचा तो काळ नव्हता. सुमारे ७५,००० रेखाचित्रं कागदावर झाली. प्रवासी लवकरच स्वनातीत विमानांकडे वळतील आणि जंबोच्या वाट्याला मालवाहतूक येईल, असा तेव्हा अंदाज होता. नाक उघडून समोरून सामान भरता यावं म्हणून कॉकपिट वर चढवलं आणि त्यातून ते ओळखीचं कुबड आलं. अंदाज चुकला. पण चुकीच्या अंदाजातून आलेल्या या सोयीनेच पुढे विमानाला तारलं, ते ओघात येईल.

मुंबईने जंबो पाहिलं १९७१च्या एप्रिलमध्ये. एअर इंडियाचं पहिलं ७४७, ‘एम्परर अशोक’, खिडक्यांभोवती लाल झरोके रंगवून सांताक्रूझला उतरलं. १ जानेवारी १९७८च्या रात्री हेच विमान उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत वांद्र्याजवळ समुद्रात कोसळलं आणि त्यातले सर्व २१३ जण गेले. कॅप्टनसमोरचं, विमान किती कललंय ते दाखवणारं उपकरण बिघडलं होतं. बाहेर समुद्रावर काळोख, क्षितिज नाही, आणि दुसऱ्या उपकरणांवर भिस्त ठेवून विमान सावरायला लागणारे क्षण हातात उरले नाहीत. कॉकपिटमधल्या तबकड्यांबद्दल वाचताना मला ही रात्र विसरता येत नाही.

कारण पुढची मोठी सुधारणा तबकड्यांचीच झाली. १९८८मध्ये उडालेल्या ७४७-४००च्या कॉकपिटमध्ये दिवे, तबकड्या आणि बटणं मिळून ९७१वरून ३६५वर आली. बाकीची माहिती पडद्यांवर गेली. जुन्या जंबोत पायलटांच्या मागे उजव्या भिंतीकडे तोंड करून फ्लाइट इंजिनीअर बसत असे. इंधन कोणत्या टाकीतून कुठे जातंय, कोणतं इंजिन तापतंय, हे तो भिंतभर पसरलेल्या तबकड्यांवरून ताडायचा. त्याची खुर्चीच काढली. एक अख्खा पेशा, हाताला आणि कानाला लागलेल्या सवयींसकट, सॉफ्टवेअरमध्ये विरघळला. तिसऱ्या माणसाचा पगार वाचला हे खरं. पण हिशेबात न दिसणारी तिसरी नजरही गेली, आणि तिची किंमत कुणी पुरेशी मांडली असं मला वाटत नाही.

पंखालाही नवी टोकं आली. दोन्ही बाजूंना वर वळलेली, सुमारे सहा फुटांची विंगलेट. पंखांचा विस्तार ५९.६ मीटरवरून ६४.४ मीटर झाला. शेपटीच्या आडव्या पंखात इंधनाची जादा टाकी आली, इंजिनं नवी आली. एअर इंडियाकडच्या ४०० मालिकेत ‘कोणार्क’, ‘अजिंठा’, ‘वेल्हा गोवा’ अशी नावं होती.

या आधुनिक कॉकपिटमधली एक वस्तू मात्र थबकायला लावते. २०२०मध्ये सुरक्षा-अभ्यासकांनी एक निवृत्त ७४७-४०० आतून दाखवलं. त्यात मार्गांची माहिती भरायला साडेतीन इंची फ्लॉपीचा खण होता. दर २८ दिवसांनी कुणीतरी विमानात चढायचं आणि फ्लॉपी घालून माहिती ताजी करायची. अॅल्युमिनियमचा सांगाडा पन्नास वर्षं टिकतो. १९८८ला जे सगळ्यात नवं होतं, ते सगळ्यात आधी म्हातारं झालं.

नंतर १९९६मध्ये ५०० आणि ६०० या मोठ्या आवृत्त्यांची घोषणा झाली आणि लगेच बारगळली. अखेर २००५च्या नोव्हेंबरमध्ये ७४७-८ हातात घेतलं गेलं.

इंजिन उसनं होतं, बोइंगच्याच ७८७साठी घडवलेलं. पण ७८७मध्ये केबिनचा दाब विजेवर चालणाऱ्या यंत्रांनी राखला जातो, तर जंबोत त्यासाठी इंजिनातूनच दाबाची गरम हवा काढून घेतात. म्हणून नव्या इंजिनाला ही जुनी सोय परत बसवावी लागली आणि पुढच्या पंख्याचा व्यासही २.८२ मीटरवरून २.६६ मीटरवर आणावा लागला. धड लांबवून ७६.३ मीटर केलं. पंखाची मूळ मांडणी ठेवून त्याचा काप नव्याने घडवला, फ्लॅप सोपे केले आणि ४००ची विंगलेट काढून मागे निमुळती होत जाणारी टोकं बसवली. विस्तार ६८.४ मीटर झाला आणि विमान विमानतळांच्या ६५ मीटरच्या वर्गातून बाहेर पडलं. ४०० चालवणाऱ्या पायलटला तोच परवाना चालावा म्हणून कॉकपिट मात्र फारसं बदललं नाही.

आणि २०१० नंतरच्या चाचण्यांत जुनी फडफड परतली. नव्या रूपाची: सेकंदाला दोनदा-अडीचदा होणारी, हाताबाहेर न जाणारी, पण पूर्णपणे न विरणारी थरथर. उपाय असा केला की संगणकाने ती ओळखायची आणि पंखाच्या मागच्या कडेला, टोकाकडे असलेले एलेरॉन किंचित हलवून ती दाबायची. १९६९ला जिथे वजन बसवलं, तिथे २०११ला आज्ञावली बसली. अमेरिकेच्या विमान-नियामकाने त्यासाठी खास अटी घातल्या. ही थरथर कशी आहे, यंत्रणा बंद पडली तर काय व्हायला हवं, हे सारं जाहीर दस्तऐवजात लिहिलेलं आहे.

हे मुद्दाम सांगतो, कारण त्याच कंपनीने त्याच दशकात आणखी एका जुन्या रचनेला सॉफ्टवेअरचा आधार दिला. ७३७ हे १९६७चं, जमिनीलगत बसणारं विमान. त्याच्या मॅक्स या नव्या आवृत्तीची मोठी इंजिनं पंखाखाली मावेनात म्हणून ती पुढे आणि वर सरकवली. त्यामुळे काही स्थितींत नाक अधिक सहज वर जाऊ लागलं, आणि ते खाली दाबायला एमकॅस ही आज्ञावली घातली. ती एकाच संवेदकावर विसंबून होती आणि पायलटांच्या पुस्तिकेत तिचा खुलासा नव्हता. २०१८च्या ऑक्टोबरमध्ये इंडोनेशियात आणि २०१९च्या मार्चमध्ये इथिओपियात मॅक्स विमानं कोसळली आणि मिळून ३४६ माणसं गेली. जुन्या सांगाड्याला सॉफ्टवेअरची साथ देणं हा माझ्या मते गुन्हा नाही. ज्यांच्या हाती विमान आहे त्यांना ते न सांगणं, हा आहे.

७४७-८ फार खपलं नाही. दोन इंजिनांची ७७७ जवळपास तेच काम कमी इंधनात करत होती. एकूण १५५ झाली, त्यांतली १०७ मालवाहू. साठच्या दशकातला तो चुकलेला अंदाज, ते उघडणारं नाक, इथे कामी आलं. २०२३च्या ३१ जानेवारीला शेवटचं, १५७४वं ७४७ अॅटलस एअरला दिलं गेलं, तेही मालवाहूच. २०१६मध्ये गेलेल्या सटर यांचं चित्र त्याच्या नाकाजवळ लावलेलं आहे.

२२ एप्रिल २०२४च्या सकाळी एअर इंडियाचं ‘आग्रा’ हे ७४७-४०० मुंबईहून अमेरिकेकडे शेवटचं निघालं, सुटे भाग काढून घेण्यासाठी. धावपट्टी सोडल्यावर पायलटने विमान आधी एका, मग दुसऱ्या अंगाला कलवलं. विंगलेटची दोन्ही टोकं एकामागून एक खाली झुकली आणि वर आली.